कोण कुणाला हुसकावतं?

दहावीच्या प्रॅक्टिकलला मी एक खोटं निरीक्षण लिहिलं होतं, आणि त्याचे मला पूर्ण मार्क मिळाले होते.

प्रयोग तुम्हीही केला असेल. चार परीक्षानळ्या, चारही नळ्यांत कॉपर सल्फेटचं निळं द्रावण, म्हणजे आपलं मोरचूद. एकीत लोखंडी खिळा, दुसरीत जस्ताचा तुकडा, तिसरीत ॲल्युमिनियमची पट्टी, चौथीत तांब्याची तार. थांबा, बघा, लिहा. खिळ्यावर तांबूस थर चढला. जस्त काळपट-तांबूस झालं आणि त्या नळीतला निळा रंग उतरायला लागला. तांब्याच्या तारेला काही झालं नाही, व्हायचंही नव्हतं. आणि ॲल्युमिनियम? ते जसं आत गेलं तसंच चकचकीत बसून राहिलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. काही नाही.

पण मला श्रेणी पाठ होती. पो-सो-कॅ-मॅ-ॲ-झि-आ, पाढ्यांसारखी. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, झिंक, आयर्न आणि खाली कुठेतरी तांबं, पारा, चांदी, सोनं. वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षारातून हुसकावून लावतो. पुस्तकात ह्याला विस्थापन म्हणतात. ॲल्युमिनियम तर जस्ताच्याही वर. म्हणजे त्याने तांब्याला जस्ताहून जास्त जोरात बाहेर काढायला हवं. मी वहीत लिहिलं: द्रावणाचा निळा रंग फिका झाला, पट्टीवर तांबूस थर जमा झाला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीने लिहिलं: काहीही बदल दिसला नाही. तिचे दोन मार्क गेले.

तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. उलट तिला श्रेणी नीट पाठ नाही असंच वाटलं होतं.

गंमत म्हणजे हाच प्रयोग माझ्या घरी दर पावसाळ्यात व्हायचा. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. केवडा येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारायचं. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. सगळं प्लास्टिकच्या बॅरलमध्ये. मोरचुदाजवळ कुणी लोखंडी बादली आणली तर आबा तिथूनच ओरडायचे. मिश्रण झालं की ते विळा घ्यायचे, पातं वाळूने घासून लख्ख करायचे आणि मिश्रणात बुडवून धरायचे. पात्यावर तांबूस झाक आली तर चुना कमी पडला, अजून निवळी ओता. नाही आली तर फवारायला हरकत नाही. चुन्याने न बांधलेलं तांबं पाण्यात मोकळं राहिलं तर ते कोवळी पानं करपवतं, आणि मोकळं तांबं असेल तर लोखंड त्याला आपल्या अंगावर ओढून घेतं. आबांना श्रेणी ठाऊक नव्हती. पण कोण कुणाला हुसकावतं, ह्यावर ते अख्ख्या बागेचा हंगाम लावायचे. आणि ते विळ्याकडे बघायचे. विळ्यावर काय दिसायला पाहिजे ते आधी ठरवून टाकायचे नाहीत.

विळा आणि परीक्षानळी ह्यांचा संबंध मला इंजिनिअरिंग होऊन, नोकरीला लागून, वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर कळला. तोही एका गीझर दुरुस्त करणाऱ्या दादांमुळे. आमच्याकडे टँकरचं जड पाणी. गीझर कुरकुरायला लागला म्हणून त्यांना बोलावलं, तर त्यांनी टाकीतून एक वाकडीतिकडी, किडलेल्या दातासारखी दिसणारी सळई काढून माझ्या हातात दिली. "ताई, ही मॅग्नेशियमची. ही झिजली म्हणून तुमची टाकी वाचली. आता ही संपली, नवीन टाकू. नाहीतर पुढच्या वेळी टाकीच बदलायला लागेल."

मॅग्नेशियम. पो-सो-कॅ-मॅ. लोखंडाच्या तीन पायऱ्या वर. मी ती सळई टाकून दिली नाही, टेबलवर ठेवली. मग रात्री वाचत बसले: ही यादी लिहिली कुणी?

एका माणसाने नाही, हे पहिलं उत्तर. आणि ज्यांनी हा प्रकार सगळ्यात आधी पाहिला, त्यांनी तो चुकीचा वाचला. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात असा उल्लेख आहे की तांब्याचं निळं खनिज लोखंडाला लागलं की लोखंडाचं तांबं होतं. अकराव्या शतकात शेन क्वो नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने आपल्या टिपणांत एका कडू पाण्याच्या झऱ्याबद्दल लिहिलं. ते पाणी आटवलं की मोरचूद मिळतं, आणि ज्या लोखंडी कढईत ते आटवतात ती कढई काही काळाने स्वतःच तांब्याची होते. सोंग राजवटीने ह्यावर कारखानदारी उभी केली. खाणीच्या पाण्याच्या चरांमध्ये लोखंडाचे पत्रे घालून ठेवायचे आणि वर जमलेलं तांबं खरवडून घ्यायचं. नाणी पाडायला तांबं कमीच पडत होतं, आणि ह्या पद्धतीत भट्टीचा खर्च वाचत होता.

युरोपात हीच गोष्ट तेव्हाच्या हंगेरीच्या राज्यात, आजच्या स्लोव्हाकियात, हेरेनग्रुंडच्या खाणीत चालायची. तिथल्या निळसर पाण्यात लोखंडाचे जुने तुकडे टाकले की काही आठवड्यांनी तांबं निघायचं. त्या तांब्याचे छोटे पेले बनवून, त्यांना सोन्याचा मुलामा देऊन पाहुण्यांना विकत. लोखंडापासून झालेलं तांबं, जादूची आठवण म्हणून. १६६९ मध्ये एडवर्ड ब्राऊन हा इंग्रज डॉक्टर मुद्दाम ती खाण बघायला गेला होता. किमयागारांसाठी तर हा जिवंत पुरावा होता. एक धातू दुसऱ्यात बदलतो हे डोळ्यांनी दिसतंय, मग शिशाचं सोनं का नाही होणार?

त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. खिळ्याचा आकार तसाच राहतो, फक्त धातू बदलतो. लोखंड कुठे गेलं हे दिसत नाही, कारण ते पाण्यात गेलेलं असतं, आणि पाण्याकडे कोण बघतो? अँजेलो साला नावाच्या इटालियन वैद्याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हे बघितलं. त्याने तांबं, गंधकाचं आम्ल आणि पाणी ह्यांच्यापासून मोरचूद स्वतः बनवून दाखवलं. म्हणजे मोरचुदात तांबं आधीपासून आहेच. खिळा तांब्याचा होत नाही, पाण्यातलं तांबं बाहेर येऊन बसतं आणि त्याच्या जागी लोखंड आत जातं. बदली झालेली असते, बदल नाही. साला हे सांगून गेला, तरी पुढे शंभर वर्षं ते मुलामा दिलेले पेले विकले जात होतेच.

एकदा ही अदलाबदल आहे हे कळलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुणाच्या जागी कोण? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूटनने 'ऑप्टिक्स' ह्या प्रकाशावरच्या पुस्तकाच्या शेवटी काही प्रश्न जोडले. त्यातल्या एकतिसाव्या प्रश्नात (प्रश्न कसला, लांबलचक निबंधच आहे तो) त्याने लिहिलं की नायट्रिक आम्लात विरघळलेली चांदी तांबं टाकलं की बाहेर पडते, विरघळलेलं तांबं लोखंड टाकलं की बाहेर पडतं, आणि लोखंडाला जस्ताचं खनिज बाहेर काढतं. म्हणजे आम्लाचे कण ह्या पदार्थांकडे कमीजास्त जोराने ओढले जात असणार. सफरचंदवाला माणूस इथेही ओढच शोधत होता. १७१८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एतिएन जोफ्र्वाने सोळा स्तंभांचा एक तक्ता मांडला. त्यातला नायट्रिक आम्लाचा स्तंभ वाचला आणि मी हसले. लोखंड, तांबं, शिसं, पारा, चांदी. शिसं आणि तांबं ह्यांची जागा उलटसुलट झालीय, बाकी आमचाच पाढा. तीनशे वर्षांपूर्वीचा.

इथपर्यंत यादी म्हणजे नुसती नोंद होती. अमुकाने तमुकाला हुसकावलं हे पाहिलं, लिहिलं. का, ह्याचं उत्तर १८०० मध्ये व्होल्टाच्या चळतीतून आलं. जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, आणि त्यातून सतत वाहणारी वीज. जे दोन धातू यादीत एकमेकांपासून लांब, त्यांच्यातून वीज जास्त. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक धातूची इलेक्ट्रॉन सोडायची तयारी वेगवेगळी असते. लोखंडाला ते सोडायचे असतात, पाण्यातल्या तांब्याला ते हवे असतात. लोखंड देतं आणि पाण्यात जातं, तांबं घेतं आणि धातू होऊन बाहेर येतं. तेव्हा इलेक्ट्रॉन हा शब्दही नव्हता, पण हुसकावण्याच्या मागे वीज आहे हे एका माणसाला पक्कं कळलं होतं. हम्फ्री डेव्ही.

डेव्ही कॉर्नवॉलमधल्या पेंझान्सचा, साध्या घरातला. १८०७ मध्ये त्याने विजेच्या जोरावर पोटॅशियम आणि सोडियम पहिल्यांदा वेगळे केले, म्हणजे पाढ्यातली पहिली दोन अक्षरं त्याचीच. १८२० मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. आणि मग ब्रिटिश आरमाराने त्याच्यापुढे एक प्रश्न ठेवला.

तो प्रश्न कळायला साठ वर्षं मागे जावं लागतं. लाकडी जहाजांचे दोन शत्रू: लाकूड पोखरणारा समुद्री किडा, आणि तळाला चिकटणारं शेवाळ नि बार्नकल, ज्यांच्यामुळे जहाजाचा वेग मरतो. १७६१ मध्ये आरमाराने 'अलार्म' ह्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. किडा आत शिरेना, शेवाळ चिकटेना. फारच छान. मग जहाज वेस्ट इंडीजहून परत आलं आणि १७६३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा कळलं की जहाजाला धरून ठेवणारे लोखंडी बोल्ट आणि सुकाणूची लोखंडं ठिकठिकाणी खाल्ली गेली आहेत. फक्त काही ठिकाणचं लोखंड धडधाकट होतं. तिथे पत्र्यांना गुंडाळलेला तपकिरी कागद काढायचा राहून गेला होता.

हा कागद मला ह्या सगळ्या इतिहासातली सगळ्यात आवडती वस्तू वाटते. आळशी कामगाराने करून ठेवलेला परिपूर्ण प्रयोग. कागदामुळे तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकले नाहीत, म्हणून वीज वाहिली नाही, म्हणून लोखंड वाचलं. इथे पाण्यात मोरचूद नव्हतं, त्यामुळे काटेकोरपणे हे विस्थापन नाही, पण कोण झिजणार हे ठरवणारा क्रम तोच. खाऱ्या पाण्यात दोन धातू जोडले की यादीतला वरचा झिजतो. आरमाराला व्होल्टा माहीत असायचं कारण नव्हतं, तो तेव्हा शाळकरी पोरगा होता. त्यांनी पुढच्या वीसेक वर्षांत लोखंडी बोल्ट काढून तांब्याच्या मिश्रधातूचे बसवले आणि प्रश्न सोडवला.

आता लोखंड नव्हतं. पण मग तांबंच झिजायला लागलं. पत्रे पातळ व्हायचे, भोकं पडायची, दर काही वर्षांनी बदलावे लागायचे, आणि तांबं काही स्वस्त नव्हतं. १८२३-२४ मध्ये आरमाराने रॉयल सोसायटीला विचारलं: काही पत्रे लवकर झिजतात, काही टिकतात, तांब्यात भेसळ असते का? डेव्हीने तपासलं तर शुद्ध तांबंही समुद्राच्या पाण्यात झिजत होतं. मग त्याने प्रश्नच फिरवला. तांब्याशेजारी लोखंड ठेवलं की लोखंड मरतं, हे 'अलार्म'ने दाखवलंच होतं. पण त्याच वेळी तांबं वाचत असणार. मग आपण मुद्दाम थोडं लोखंड किंवा जस्त मरायला ठेवलं तर?

१७६१ चा बिघाड हाच १८२४ चा उपाय.

आणि तो चालला. काय सुंदर चालला! वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याला पुरतो असं डेव्हीला आढळलं. मग पोर्ट्समथच्या बंदरात मोठे पत्रे, होड्यांचे नमुने, वेगवेगळी प्रमाणं. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या चाळीसाव्या भागाएवढं जस्त किंवा बिडाचं लोखंड, शंभराव्या भागाएवढं, अगदी हजाराव्या भागाएवढंही. प्रमाण पुरेसं असलं की तांब्याचं वजन रतीभरही कमी होत नव्हतं. ह्या कामात त्याच्या मदतीला होता मायकेल फॅरडे. जानेवारी १८२४ मध्ये डेव्हीने रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि त्याच वर्षी खऱ्या जहाजांना हे 'रक्षक' बसवायला सुरुवात झाली. त्यातलं एक 'समरंग', आपल्याकडे कोचीनला बांधलेलं. त्याला बिडाच्या लोखंडाचे ठोकळे लावून नोव्हा स्कोशियाला पाठवलं. १८२५ च्या जानेवारीत ते परत आलं, तेव्हा तांबं शाबूत होतं. डेव्हीने पेटंट घेतलं नाही. देशासाठी दिलं.

मग बाकीची जहाजं परत यायला लागली. त्यांचंही तांबं शाबूत होतं. फक्त त्यावर शेवाळ आणि बार्नकल ह्यांचं रान माजलं होतं.

जरा थांबून हे नीट बघू या, कारण दहावीच्या त्या नळीपासून मी इथपर्यंत आले ते ह्याच्यासाठी. तांब्याला शेवाळ का चिकटत नव्हतं? तांबं हळूहळू विरघळत होतं म्हणून. विरघळलेलं तांबं त्या जीवांना विष होतं. केवड्याच्या बुरशीला मोरचूद विष असतं तसंच, आबांच्या फवाऱ्यातलं तत्त्व तेच. म्हणजे तांब्याचं झिजणं हा दोष नव्हताच, ते तांब्याचं काम होतं. डेव्हीने भाकीत केलं की तांबं विरघळणार नाही. ते तंतोतंत खरं ठरलं. आणि म्हणूनच जहाजं चालेनाशी झाली. शिवाय जस्त-लोखंडाच्या संगतीत तांब्यावर समुद्राच्या पाण्यातल्या मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचा चुनखडीसारखा पापुद्रा बसत होता. त्यावर शिंपल्यांना पाय रोवायला आयती जमीन मिळाली.

मी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे हे वाचताना पोटात गोळा आला. आमच्या टीमने एकदा एक फारच हळू चालणारं फंक्शन झटपट केलं होतं. सगळ्या टेस्ट हिरव्या. मग प्रॉडक्शनवर कळलं की पलीकडची एक जुनी सिस्टीम त्या हळूपणावरच जगत होती. तिच्यावर एकदम भार पडला आणि ती बसली. आमचं भाकीत चुकलं नव्हतं. आम्ही विचारलेला प्रश्न अपुरा होता.

डेव्हीला हे आधी दिसलंच नाही असंही नाही. १८२४ च्या उन्हाळ्यातच त्याला बंदरातल्या जास्त संरक्षित पत्र्यांवर शेवाळ दिसलं होतं. त्याचं उत्तर होतं: रक्षक लहान करा, तांब्याला थोडंसं झिजू द्या. चुकीचं उत्तर नव्हे ते. पण झिजणं आणि शेवाळ ह्यांच्यातली ती नेमकी रेषा बंदरात उभ्या जहाजाला एक आणि धावत्या जहाजाला दुसरी असते, गरम समुद्रात अजून तिसरी. त्याच उन्हाळ्यात तो 'कॉमेट' ह्या वाफेच्या जहाजातून रक्षक तपासत नॉर्वेकडे गेला, वाटेत स्वीडनमध्ये बर्झेलियसला भेटला. १८२५ मध्ये आरमाराने रक्षक काढून टाकायचा हुकूम दिला. देशाच्या सगळ्यात मोठ्या वैज्ञानिकाची जाहीर फजिती झाली, टीका झाली, आणि तो फार दुखावला. १८२६ च्या अखेरीस त्याला अर्धांगाचा झटका आला. १८२९ मध्ये जिनिव्हात तो गेला, वय अवघं पन्नास. फजितीने तो खचून मेला असं म्हणायचा मोह होतो, पण तसं म्हणायला आधार नाही. त्याची तब्येत ढासळायला इतर कारणं पुष्कळ होती.

त्याची कल्पना मात्र चुकीच्या जहाजावर बसली होती एवढंच. पुढे लोखंडाची जहाजं आली. तिथे वाचवायचं होतं लोखंड, आणि लोखंडाचं झिजणं कुणालाच विष नव्हतं. १८३७ मध्ये सोरेलने लोखंडाला जस्ताचा थर द्यायचं फ्रेंच पेटंट घेतलं. आपल्या छपरांवरचे गॅल्व्हनाइज्ड पत्रे त्याचेच वंशज. आजही जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे असतात, आणि माझ्या गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची सळई.

आपण घोकतो ती यादी ह्या स्वरूपात आणण्याचं श्रेय बहुतेक वेळा रशियन रसायनज्ञ निकोलाय बेकेतोवला जातं. १८६५ मध्ये त्याने 'काही मूलद्रव्यांनी इतरांना हुसकावण्या'वर प्रबंध लिहिला. त्याने हायड्रोजनलाही रांगेत उभं केलं, म्हणूनच कुठला धातू आम्लातून हायड्रोजन काढेल आणि कुठला नाही हे आपण यादीवरून सांगतो. रशियन शाळांत ही यादी अजून त्याच्या नावाने ओळखतात. पण बेकेतोवने एक गोष्ट पाहिली होती जी आमच्या पुस्तकात नव्हती. हायड्रोजनवर दाब वाढवला की तो चांदीला तिच्या क्षारातून बाहेर काढतो. म्हणजे कोण जिंकणार हे नुसत्या नावांवर ठरत नाही, दाब किती, द्रावण किती दाट, ह्यावरही ठरतं. पुढे त्यावर आकडे आले. जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४, तांबं अधिक ०.३४. वरून खाली उतार असला की अभिक्रिया होऊ शकते. 'होऊ शकते' हे दोन शब्द मी दहावीत गाळले होते.

गीझरचंच बघा ना. यादीत लोखंडाच्या लगेच वर जस्त आहे, मग सळई जस्ताची का नाही? कारण पाणी साठेक अंशांच्या वर गेलं की काही प्रकारच्या पाण्यात जस्तावर असा थर बसतो की दोघांची जागाच उलटते. मग जस्त वाचतं आणि लोखंड झिजतं. म्हणून मॅग्नेशियम, ते बरंच वर आहे.

आपल्याला हवं ते दिसणं हा काही फक्त दहावीतल्या मुलींचा रोग नाही. युस्टुस लीबिग, जर्मनीतला मोठा रसायनज्ञ, त्याच्याकडे मिठाच्या झऱ्यातून काढलेल्या एका लालसर द्रवाची बाटली आली होती. तो आयोडिन आणि क्लोरीन ह्यांचं संयुग असणार असं ठरवून त्याने चिठ्ठी चिकटवली आणि बाटली ठेवून दिली. १८२६ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएच्या अंतोइन बालारने मिठागराच्या उरलेल्या पाण्यात क्लोरीन सोडला. क्लोरीनने तिथल्या कुणाला तरी हुसकावलं, आणि बालारने हुसकावलेल्याकडे नीट बघितलं. नवीन मूलद्रव्य, ब्रोमिन. लीबिगने मग आपली बाटली चुकांच्या कपाटात ठेवली असं सांगतात. मला तो त्यासाठी आवडतो.

मागच्या महिन्यात गावी गेले होते. आबा आता नाहीत, पण शेडमध्ये मोरचूद असतंच. एका काचेच्या बाटलीत (स्वयंपाकातली नाही, मोरचूद पोटात गेलं तर वाईट) चमचाभर मोरचूद विरघळवलं आणि स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी कापून आत सोडली. घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं. काही नाही. फॉइल निळ्या पाण्यात चकचकीत उभं. तेच, तेव्हाचंच.

ॲल्युमिनियम हवेत आलं की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर चढतो. खालचा धातू तांब्याला हुसकावायला तयारच असतो, पण त्याची तांब्याशी गाठच पडत नाही. 'अलार्म'वरच्या तपकिरी कागदासारखं. हा थर फाडायला क्लोराइड लागतं.

मी बाटलीत चिमूटभर मीठ टाकलं.

आधी कडेला बारीक बुडबुडे आले. मग फॉइलवर तपकिरी ठिपके, मग ठिपक्यांची भोकं. मिनिटा-दोन मिनिटांत पट्टीचा लालसर लगदा होऊन तळाला बसायला लागला, बाटली हाताला गरम लागली आणि निळा रंग भराभर उतरला. मी मोबाइलवर सगळं शूट केलं, मिठाच्या आधीची पंधरा मिनिटंही, आणि व्हिडिओ मैत्रिणीला पाठवला. खाली लिहिलं: दहावीचं प्रॅक्टिकल. तू बरोबर होतीस, मी बघितलं तरी खोटं लिहिलं होतं.

ती आता नाशिकला एका लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासते. दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं.

"मीठ किती टाकलंस? मोजलंस का?"

आणि लगेच दुसरं: "आणि माझे दोन मार्क?"